ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र : घर बदललं, कागद बदलला का?

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, सचिव आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

मी महसूल खात्यात 31 वर्षं नोकरी केली. आधी तलाठी, नंतर मंडळ अधिकारी. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ‘भाऊसाहेब’च चालतं. आम्हा बायकांना ‘बाई’.) निवृत्त होऊन कराडला स्थायिक झाले आणि इथल्या संघाची सभासद झाले. तुमच्याकडे रक्तदाब तपासला जातो, डोळ्यांची शिबिरं होतात, सहली निघतात, पंच्याहत्तरीचे सत्कार होतात. एकटा पडलेला माणूस संध्याकाळी चार माणसांत येऊन बसतो, ही तर फारच मोठी गोष्ट. जे काम तलाठ्याला, वकिलाला किंवा पोटच्या मुलालाही जमत नाही ते तुम्हाला जमेल असं मला वाटतं, म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

काम एवढंच. आपल्या प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा विचारायचं : मृत्युपत्र केलंय का? केलं असेल तर त्यानंतर घरात काय काय बदललं? आणि तो बदल कागदावर उतरला का?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो माझ्या घरातूनच आला, म्हणून आधी ते सांगते.

माझी मावशी परिचारिका होती. लग्न 1966 चं आणि दोन वर्षांत कुंकू पुसलं गेलं. मूलबाळ नव्हतं. सासरी कोणी राहा म्हणालं नाही, ती माहेरी आली, शिकली, आरोग्य केंद्रात नोकरीला लागली. रात्रपाळ्या करून, बाळंतपणं करून तिनं कराडमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. थोरल्या मामाची मुलगी तिनं लहानपणापासून सांभाळली, तिचं शिक्षण केलं. पुढे मावशीचे गुडघे गेले, दृष्टी गेली, तेव्हा त्याच मुलीनं तिचं सगळं केलं. ‘हे घर हिचंच’ असं मावशी येईल त्याला सांगायची. आम्ही सगळ्यांनी ते शंभर वेळा ऐकलं होतं. कागदावर मात्र एक ओळ नव्हती. 2011 मध्ये मावशी गेली.

हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. त्याच्या कलम 15 प्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू स्त्रीची मिळकत आधी तिची मुलं आणि नवरा यांच्याकडे जाते. ते कोणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. मावशीचे सासू-सासरे, दीर सगळे गेलेले होते. उरली होती दिराची दोन मुलं. त्यांनी मावशीला कधी पाहिलंही नसावं. फ्लॅट त्यांना गेला. आजोबांच्या पश्चात मावशीच्या वाट्याला आलेली बारा गुंठे जमीन मात्र माहेरी परत आली, कारण आईवडिलांकडून वारसानं आलेल्या मिळकतीला त्याच कलमात वेगळा नियम आहे. म्हणजे बापाकडून आलं ते बापाच्या वारसांकडे परत, आणि तिनं स्वतःच्या घामानं कमावलं ते ज्या घरानं तिला ठेवून घेतलं नाही त्या घराला.

दिराच्या मुलांना मी दोष देत नाही. कायद्यानं जे त्यांचं ठरलं ते त्यांनी घेतलं, आणि सामान हलवायला माझ्या त्या मामेबहिणीला दोन महिन्यांची सवडही दिली. बँकेच्या खात्यावर नामनिर्देशन (नॉमिनी म्हणून नाव) होतं माझ्या आजीचं. आजी 1989 मध्येच गेलेली. मावशीनं ते नाव बदललं नाही आणि आम्हा कुणाला विचारायचं सुचलं नाही. मी तर उभ्या नोकरीत लोकांच्या वारसनोंदी लिहीत होते. गाव नमुना सहा-क म्हणजे वारसनोंदवही, माझ्या हातून हजारो नावं तिच्यात उतरली. मावशीच्या घरी दर रविवारी जात होते. एका रविवारी कागद काढून बसले असते तर एका तासाचं काम होतं. हे मला आजही सहन होत नाही.

असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2009 मध्ये त्याचा निकाल लागला. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरनं घालवून दिलेली, माहेरी येऊन शिकून नोकरी केलेली बाई. मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईनं दावा केला. न्यायालयानं सहानुभूती दाखवली, पण कायदा स्पष्ट आहे म्हणून तिची कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयानं देशातल्या स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलं. तुमच्या संघातल्या किती विधवा, किती अविवाहित, किती निपुत्रिक बायकांपर्यंत हे पोचलं? पोचवायचं कुणी, हा माझा प्रश्न आहे.

2025 मध्ये राज्य सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची नावं लावायची. मोहीम चांगलीच होती. आज्याचं नाव सातबाऱ्यावर तसंच, त्याचा मुलगाही गेला, आता नातवंडं कर्जासाठी दारोदार फिरताहेत, अशी किती घरं मी पाहिली आहेत. खरं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांत वर्दी (खबर) द्यायची असते. देतं कोण? दहाव्याला घाटावर सगळे जमतात, तेराव्याला जेवतात, पांगतात, आणि सातबारा तसाच राहतो. पण ती मोहीम माणूस गेल्यानंतरचं काम करते. गेलेल्याच्या मनात काय होतं ते सहा-क ला ठाऊक नसतं. तिथं कायद्यानं वारस कोण एवढंच लिहिलं जातं.

आपल्याकडे मृत्युपत्राचं नाव काढलं की ‘अभद्र बोलू नका’ म्हणतात. मला वाटतं खरी भीती मरणाची नसते. लिहायला बसलं की कुणाला काय द्यायचं हे ठरवावं लागतं आणि ते घरात कळलं तर काय, ही भीती असते. म्हणून लोक तोंडी सांगून मोकळे होतात. आणि ज्यांनी धीर करून लिहिलंय त्यांचंही मृत्युपत्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं असतं. घर तेवढ्यात पार बदललेलं असतं.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. हिंदू माणसानं लग्नाआधी मृत्युपत्र केलं आणि नंतर लग्न केलं, तर ते आपोआप रद्द होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी यांच्या बाबतीत लग्नानं जुनं मृत्युपत्र रद्द होतं, आपल्या बाबतीत नाही. पंचविशीत सगळं धाकट्या भावाच्या नावे लिहिलेला माणूस पन्नाशीत गेला, मागे बायको आणि दोन मुली आहेत, तरी ते जुनं मृत्युपत्र कायदेशीर उभं राहतं. घटस्फोटाचंही तसंच. सोडचिठ्ठी झाली म्हणून मृत्युपत्रातलं बायकोचं नाव आपोआप खोडलं जात नाही. याउलट भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्न झाल्यावर रद्द धरतात, नवीन द्यावं लागतं. एकाच माणसाच्या दोन कागदांना दोन वेगळे नियम. म्हणून ‘एकदा केलंय, झालं’ यावर विसंबू नका.

दुसरी लग्नं आता साठीतही होतात, आणि व्हावीत. तुमच्याच काही संघांनी वधूवर मेळावे घेतले आहेत, त्याचा मला आनंद आहे. पण त्या मेळाव्यातच हेही सांगा की सावत्र मूल सावत्र बापाचं वारस होत नाही. बायकोच्या पहिल्या मुलाला तुम्ही दहा वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलं तरी, दत्तक घेतलेलं नसेल तर कायद्याला ते परकंच. तुमची आधीची मुलं आणि नवी बायको मात्र वारस म्हणून समान हिस्सेदार. लिहून ठेवलं नाही तर ज्या दिवशी तुम्ही जाल त्याच दिवशी ती एकमेकांसमोर उभी राहतील, आणि दोन्ही बाजूंना वाटेल की आपल्याला फसवलं.

आता जमिनीचं. आमच्या सातारा-सांगलीकडे अजून कितीतरी सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी जुनी नोंद आहे. धाकट्यांची नावं नाहीत. बहिणींची तर ‘इतर हक्कात’, म्हणजे सातबाऱ्याच्या वेगळ्या रकान्यात. अशा खातेदाराला वाटतं की सगळी जमीन माझ्या नावावर आहे, मी ती मुलाला लिहून देतो. तसं होत नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत माणूस फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देऊ शकतो. आणि तो हिस्सा किती, हे मुलींच्या हक्कामुळे बदललं आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना सहदायाद (मुलांसारखंच जन्मानं हिस्सेदार) केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. मग 2005 ची केंद्राची दुरुस्ती आली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, 2005 मध्ये वडील हयात असोत वा नसोत. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित. म्हणजे 1998 मध्ये ‘चारही एकर दोन्ही मुलांना’ असं लिहिलेलं मृत्युपत्र तुमच्या ट्रंकेत असेल, तर ते आज पुन्हा वाचायला हवं. वाचलं नाही तर भाऊ-बहिणी कोर्टात भेटतील.

इथं मला बहिणींबद्दल दोन शब्द बोलू द्या. साडीचोळीवर हक्कसोड करून घेतलेल्या बायका माझ्यासमोर बसलेल्या आहेत. भाऊ शेजारी उभा, लेखनिक बोट दाखवतो तिथं सही. ‘माहेर तुटायला नको’ हे एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं. काहींनी ते खरोखर प्रेमानं केलं, त्यांचा मान राखते. पण बापानं जिवंतपणी स्वतः लिहून ठेवलं असतं, मुलीला काय आणि मुलाला काय, तर तिच्यावर ती पाळी आली नसती. आणि बायकोचं काय? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर 1992 मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं की नवऱ्यानं अर्ज केला तर सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं. माझ्या साऱ्या नोकरीत असे अर्ज घेऊन आलेले नवरे मला आठवतात, इतके ते थोडे होते.

ज्यांच्या घरी गतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे त्यांच्याशी कृपया स्वतंत्र बसून बोला. ‘भाऊ बघेल’ यावर त्या आईचा जीव टांगलेला असतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. मृत्युपत्रात त्या मुलासाठी न्यास करून ठेवता येतो, पैसा त्याच्यासाठीच खर्च व्हावा आणि हिशेब कुणी द्यावा हे लिहिता येतं. आणि पालक म्हणून ज्याचं नाव घातलं तो भाऊ परदेशी गेला, आजारी पडला, तर ते नाव बदलावं लागतं. या घरांनी तर दरवर्षी कागद काढून पाहिलाच पाहिजे.

बक्षीसपत्राबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, म्हणून पुष्कळ जण तो सोपा मार्ग धरतात. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदलं की घर त्या दिवशी गेलं. नंतर सून बदलली, मुलगा बदलला, तुमची प्रकृती बदलली, तरी ते परत येत नाही. द्यायचंच असेल तर ‘देणगीदाराचा सांभाळ आणि औषधपाणी करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात घाला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अट मोडली तर प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर म्हातारपणी ती सिद्ध करत बसावं लागतं.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज तर सुशिक्षितांतही घट्ट आहे. तसं नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो आणि ते वारसांच्या वतीनं सांभाळतो. शेअर्सच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं. सोसायटीच्या फ्लॅटचा नॉमिनी वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, हे चांगलंच झालं. पण मृत्युपत्रात एक नाव आणि बँकेत दुसरं असेल तर भांडणाला निमंत्रण. दोन्ही कागद एकाच दिवशी शेजारी ठेवून पाहा.

परदेशात स्थायिक झालेल्या मुलांना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मात्र येऊ शकते. ती कसणार कोण, कुलमुखत्यार कोण, हे त्यांना आत्ताच विचारा. आणि गोव्यातल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथं वेगळा कायदा आहे, वारस असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव राहते, सगळीच मर्जीनं देता येत नाही. मुस्लिम सभासदांनाही सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही. संघात सगळ्यांना एकच छापील नमुना वाटू नका.

करायचं कसं, तर मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, आपल्या मराठीत चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी असं मी म्हणेन. मिळकतीचा गट नंबर, चतुःसीमा, फ्लॅट क्रमांक नीट लिहा. ‘माझं शेत’ एवढं लिहून भागत नाही. शेवटचं मृत्युपत्र खरं धरतात, म्हणून नव्यात ‘यापूर्वीची सर्व रद्द’ हे वाक्य आणि तारीख हवीच. वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. सही करताना दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा.

साक्षीदार हा शब्द आला की मला तुमच्या संघांची आठवण येते. लोक सहीला आपल्याच वयाचा मित्र बोलावतात. सत्तरीतल्या माणसाला बाहत्तरीचे दोन साक्षीदार. पुढे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ येते तेव्हा तिघेही गेलेले असतात, आणि मग अक्षर कुणाचं, सही कुणाची हे ओळखणारं माणूस शोधत फिरावं लागतं. संघानं गावातले चाळिशीच्या आतबाहेरचे आठ-दहा विश्वासू लोक तयार ठेवावेत. शिक्षक असतील, औषधाचे दुकानदार असतील, निवृत्त सैनिक असतील. त्यांनी फक्त समोर सही होताना पाहायची आणि स्वतः सही करायची, मजकूर वाचायची गरज नाही. एवढं काम संघाशिवाय कुणालाच सहज जमणार नाही.

1 ऑक्टोबरला आपण ज्येष्ठ नागरिक दिन साजरा करतो. या वर्षी हार-तुऱ्यांनंतर तासभर कागदांना द्या. प्रत्येकानं आपलं मृत्युपत्र, बँकेची आणि सोसायटीची नामनिर्देशनं, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) घेऊन यावं. मजकूर कुणाला दाखवायचा नाही. फक्त स्वतः वाचायचा आणि गेल्या वर्षभरात घरात जन्म, मृत्यू, लग्न, घटस्फोट, आजारपण, स्थलांतर काय झालं ते शेजारी लिहायचं. बायकांची बैठक वेगळी घ्या, कारण नवऱ्यादेखत त्या बोलत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. तालुका विधी सेवा समितीला पत्र द्या. स्त्रियांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्यानं तो त्यांचा हक्क आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतल्या कुठल्याही संघानं बोलावलं तर मी स्वखर्चानं येईन. वकिली मला येत नाही. पण सातबारा वाचून दाखवेन, ‘इतर हक्कात’ कुणाचं नाव अडकलंय ते सांगेन, आणि ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्या शेजारी बसून ती सांगेल तसं लिहून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
कराड, जि. सातारा